खालची कडी

त्या उन्हाळ्यात सलूहाबाईंना शेवटी तो निळा रंग जमला.

चौतीस वर्षं त्यांनी समुद्रकाठच्या महदिया गावातल्या मुलांना चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या गावातल्या दारांची चित्रं काढायला घेतली. जाड फळीवर वाळूचा लेप, त्यावर ॲक्रिलिकचे पातळ हात, ते वाळले की पेस्टलचे खडू. मधेमधे खरा गंजका खिळा, रेशमाची चिंधी, मोडक्या दाराची ढलपी चिकटवलेली. खडू त्या घरीच वळायच्या. रंगाची पूड, समुद्रातल्या माकुलाच्या हाडाचं पीठ आणि डिंकाचं पाणी. "गोळा भाकरीच्या पिठापेक्षा सैल नको आणि कुंभाराच्या मातीपेक्षा घट्ट नको," असं त्या मुलांना सांगायच्या. खडूचा रंग फवारा मारून पक्का करणं त्यांना आवडत नसे. त्यामुळे चित्रांखाली रंगाची पूड सांडलेली असायची आणि त्यांची बोटं कायम माखलेली.

निळ्याचा हट्ट मात्र जुना होता. कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, दोऱ्याने बांधलेला. त्यात लहान मुलाची एक पट्ट्याची चप्पल होती आणि तिच्या पट्ट्यावर निळी पूड. जांभळ्याकडे झुकणारा, किंचित राखी निळा. बाजारात तो मिळत नव्हता. चाळीस वर्षं बाई तो जमवू पाहत होत्या. यंदा हाडाचं पीठ थोडं जास्त भाजलं गेलं आणि तोच रंग हाती आला. त्यांनी बाराव्या दाराला, शेवटच्या दाराला, तो वापरला. ते दार त्यांच्या लहानपणच्या घराचं होतं.

फरहात चित्रांच्या चौकटी बनवायचा. बाईंचाच विद्यार्थी, आता चाळिशीचा, टक्कल पडलेला. तो सोमवारी मापं घ्यायला आला तेव्हा एक हात पाठीमागे धरून दारातच उभा राहिला.

"बाई, ओळखा पाहू काय आणलंय!"

"पाचवीत असताना तू असाच उभा राहून खेकडा काढला होतास. मी नाही ओळखत."

"तो खेकडा गरीब होता हो." त्याने हात पुढे केला. तळहातावर लोखंडाची एक छोटी कडी होती. "तुमच्या गल्लीतलं दार पाडलं परवा. वरच्या दोन्ही कड्या आधीच कुणी लांबवल्या. ही खालची तेवढी राहिली होती."

बाईंनी कडी उचलून घेतली. जुन्या दारांना तीन कड्या असत. जड आवाजाची पुरुषांची, बारीक आवाजाची बायकांची आणि खाली, कमरेच्याही खाली, मुलांची. आवाजावरून घरातल्यांना कळायचं की कुणी उठायचं, डोक्यावर ओढणी घ्यायची की नाही. खालच्या कडीला तर 'कोण?' असं विचारायचीही रीत नव्हती. उठायचं आणि उघडायचं.

सलूहा आठ वर्षांची असताना उठली नव्हती.

ऐन दुपार होती. बाप मासेमारीला गेलेला, आई झोपलेली. सलूहा फरशीवर कोळशाने घोडा काढत होती. तिचा चार वर्षांचा भाऊ शादली त्या घोड्यावरून पाय घासत गेला आणि गल्लीत पळाला. थोड्या वेळाने खालची कडी वाजली. टक, टक, टक. सलूहा रागात होती. ती कोळसा घासत राहिली आणि आतूनच म्हणाली, "इथे शादली राहत नाही. जा. दुपारची म्हातारी येतेय."

दुपारच्या म्हातारीला गावातली सगळी पोरं घाबरायची. आई सांगायची, उन्हात बाहेर हिंडणाऱ्या पोरांना ती उचलून नेते. केस पांढरे असतात आणि हात रंगवलेले.

कडी पुन्हा वाजली. मग शादली ओरडला, "आली! आली!" आणि पावलं पळत गेली. सलूहाला वाटलं, सोंग करतोय. तिने दार उघडलं तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. उंबऱ्याशी एक चप्पल पडली होती. दुसरी संध्याकाळी सापडली, गावाच्या टोकाला समुद्रालगतच्या कबरस्तानाखाली, खडकांमध्ये. शादली सापडला नाही. आई म्हणाली, उंबऱ्याजवळच्या चपलेच्या पट्ट्यावर लागलाय तो दाराचा रंग. पण दाराचा रंग तेलाचा होता. त्याची पूड होत नाही, हे सलूहाला आठव्या वर्षीही कळत होतं.

कडी वाजली होती हे तिने एकसष्ट वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

बाईंनी कडी चित्रावर ठोकली, जिथे असायला हवी तिथे, खाली. मंगळवारी दुपारी त्या मागच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. बाहेर पांढरं ऊन, रस्त्यावर मांजरसुद्धा नाही.

टक, टक, टक.

फळी तापली की लाकूड ताणलं जातं, लेप वाळला की सुटतो. बाईंनी स्वतःला वर्गात सांगावं तसं सांगितलं. तरी त्यांनी खडू घेतला आणि कडी जिथे टेकत होती तिथे बारीक रेघ मारली. बुधवारी पुन्हा तीनदा टकटक ऐकू आली. त्या धावत आल्या. कडी हलत नव्हती, पण रेघ पुसली गेली होती. पुसल्याची खूण बोटाची होती, आणि ते बोट फार लहान होतं.

त्या दाराकडे बघत बसल्या. रंगवलेलं दार. तरी त्यांनी त्यावर पंजा ठेवला आणि ढकललं. पंजा निळा झाला, एवढंच.

संध्याकाळी फरहात चौकट घेऊन आला. शुक्रवारी सकाळी चित्रं ट्यूनिसला प्रदर्शनाला जायची होती. बाईंनी त्याला पुदिन्याचा चहा दिला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "फरहात, समज, ही कडी वाजली. तर आतून कुणी दार उघडेल का रे?"

"आतून उघडायला आत कोणीतरी हवं ना! बाई, उन्हात बसू नका, खरंच."

"चेष्टा सोड. मला एकदा हे दार उघडायचंय. त्याच्यासाठी." त्या चित्राकडे वळल्या. "तो आत अडकलाय असं वाटतं मला."

फरहातने पेला खाली ठेवला. शादलीची गोष्ट गावात सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक होती.

"बाई," तो हळू म्हणाला, "तुम्हीच शिकवलंय. आधी ठरवा, कुठे उभं राहून बघताय. हे दार तुम्ही गल्लीतून काढलंय. कडी अलीकडच्या बाजूला आहे."

"मग?"

"मग वाजवणारा अलीकडेच उभा असणार."

तो हसायला गेला आणि हसला नाही. त्याने एकदा मागे वळून खोली पाहिली. उरलेला चहा तसाच ठेवून तो निघून गेला.

गुरुवारी बाई झोपल्या नाहीत. शेवटचीच दुपार होती. त्या दाराचा निळा पुरा करत राहिल्या, बोटांनीच, खडू संपत आला तरी. साडेबाराला हातपाय आखडले म्हणून त्या उठून खिडकीशी गेल्या. केस गळ्याशी चिकटले होते, ते त्यांनी मोकळे केले.

टक, टक, टक.

त्या वळल्या.

चित्रासमोर एक पोर उभं होतं. पाठमोरं. मानेवर उन्हाने लाल झालेला पट्टा. कडीपर्यंत हात पुरावा म्हणून टाचा उचललेल्या.

आता हाक मारली तर दचकेल. त्या पाय न वाजवता पुढे झाल्या. एवढंच करायचं होतं. त्याच्या डोक्यावरून हात पुढे करायचा आणि दार ढकलायचं.

फळीमागून कोळशाची खरखर येत होती. फरशीवर ओढलेला कोळसा. मग एका मुलीचा आवाज आला, चिडलेला, कंटाळलेला.

"इथे शादली राहत नाही. जा. दुपारची म्हातारी येतेय."

बाईंनी तो आवाज ओळखला.

पोराने पुन्हा कडी उचलली, वाजवली. बाईंची सावली त्याच्यावर पडली आणि त्याने मागे पाहिलं.

पांढरे केस. दोन्ही हात मनगटापर्यंत निळे.

"शादली, अरे, मी..."

"आली! आली!"

तो त्यांच्या हाताखालून निसटला. त्यांनी झडप घातली ती त्याला धरायला, समुद्राकडे जाऊ नये म्हणून. हाती पाय लागला, मग नुसती चप्पल. खोलीच्या उघड्या दारातून पावलं उन्हात गेली. बाई गुडघ्यांवर बसून राहिल्या. चप्पल त्यांच्या हातून चित्राखाली पडली.

चारला फरहात चित्रं आदल्या दिवशीच भरून ठेवायला गाडी घेऊन आला. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात न धुता.

"बाई! बरं नाही का? पाणी देऊ?" मग त्याला चित्राखाली काहीतरी दिसलं. "ही आणि कुठून आणलीत? चिकटवायची आहे का?"

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. डबा जागेवर होता, दोऱ्याची गाठ सुटलेली नव्हती. खालची चप्पल नवी होती. चामड्याला अजून घामाची ओल होती आणि पट्ट्यावर चार बोटांचा निळा.

फरहात वाकला.

"उचलू नकोस."

"अहो, पायात येईल कुणाच्या."

"राहू दे तिथेच," बाई म्हणाल्या. "ती दार उघडेल तेव्हा तिला सापडायला हवी."

"ती? कोण ती?"

बाई फळीकडे पाहत राहिल्या. फरहातने मान वाकडी करून कान दिला.

"बाई, या फळीमागे उंदीर आहे का हो? काहीतरी खरवडतंय."

तो बोलत असतानाच खरखर थांबली.