बाहेरची कडी

"आधी ती कडी काढा!" फौजदार सुमय्यानं लोखंडी गोल जिना चढता चढताच आवाज टाकला.

वरच्या खोलीचं दार आतून कुणीतरी जिवाच्या आकांतानं बडवत होतं. बाहेर संग्रहालयाचा व्यवस्थापक बजरंग उभा होता, काखेत एक खोकं धरून.

"मॅडम, चोर पळंल ना."

"मी हाय की इथं. काढा."

कडी निघाली आणि सिंधु उंबऱ्यावरच कोसळली. ही संग्रहालय झाडणारी-पुसणारी बाई. नखं रक्ताळलेली, साडी घामानं चिंब. चौकट तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, सोडता सोडेना. भूकंपानंतर लातुरात महिनोन् महिने उघड्यावर झोपलेली पोर होती सुमय्याही.

आता त्याच लातुरात घरागणिक क्लास निघाले होते. डॉक्टर-इंजिनियर घडवायचे कारखानेच म्हणा ना. गल्लीत तगून होता तो एवढा एकच बंगला. नासिरसाहेबांच्या पणजोबांनी कापसाच्या भरभराटीत विलायती थाटानं बांधलेला, रंगीत काचांचा. भूकंपात भेगाळला, तो नासिरसाहेबांनी हौसेनं दुरुस्त करून त्याचं संग्रहालय केलं. आज त्यातलं पणजीचं चांदीचं अत्तरदान गेलं होतं. फाटकाला कुलूप घातलं होतं आणि पोलीस येईपर्यंत सगळे आतच अडकले होते.

"कसं कळलं तुम्हाला?" सुमय्यानं बजरंगला विचारलं.

"जेवून आलो तर ही आतून बोल्ट लावून बसलेली. लई ठोठावलं तवा उघडलं. बघतो तर कपाट रिकामं! मग बाहेरून कडी घातली."

"मग अत्तरदान कुठंय?"

"खिडकीतून गल्लीत कुणाला तरी दिलं आसंल. आतून बोल्ट असल्यावर दुसरं कोण शिरणार, तुम्हीच सांगा."

"बोल्ट लागला होता, नक्की?"

"उघडताना खाली सरकवल्याचा आवाज ऐकला की, माझ्या कानांनी."

सुमय्या सिंधुजवळ बसली. "तू सांग, ताई."

"फडकं धुवाया हौदावर गेलते. आले, काच पुसू लागले, तर मागनं दार बंद. कडी वाजली. हाका मारल्या, कुणी येईना." तिचा आवाज चिरला. "मी न्हाई घेतलं, बाई. तुरुंगात नका घालू. तिथं दारं बंदच ऱ्हातेत."

त्या शेवटच्या वाक्यानं सुमय्याला हलवलं. चोरी कबूल करणारे, नाकारणारे तिनं ढिगानं पाहिले होते. पण शिक्षेतली नेमकी दाराचीच भीती कुणी बोलून दाखवली नव्हती.

ती उठून दार निरखू लागली. सगळ्या दारांना दुरुस्तीच्या वेळचा हिरवा ऑइलपेंट होता. आतला बोल्ट जिथं शिरायचा, त्या चौकटीतल्या भोकावर रंगाचं फुगीर टेंगूळ होतं, अखंड, चकचकीत. बाजूच्या खोलीतही तसंच. सुमय्या जिना उतरली.

नासिरसाहेब खाली आरामखुर्चीत डोकं धरून बसले होते.

"अत्तरदान नाही मिळालं तर?" सुमय्यानं विचारलं.

"तर संग्रहालय बंद, बेटा. घरची अमानत सांभाळता येईना तर कशाला हा तमाशा? क्लासवाले वर्षभर घर मागून राहिलेत. देऊन टाकतो."

"त्यांचा निरोप कोण आणतं?"

"बजरंगच की. नांदेडहून आलाय औंदा. भला माणूस."

सुमय्यानं सगळ्यांना वर बोलावलं.

"बजरंगराव, तो बोल्ट जरा लावून दाखवा."

खोकं काखेतच ठेवून त्यानं एका हातानं बोल्ट ढकलला. चौकटीला टक्कर बसून तो अडला. पुन्हा ढकलला. पुन्हा अडला.

सुमय्यानं नखानं टेंगूळ फोडलं. आतून जुनी चिंधी निघाली.

"ही कुणी कोंबली, सिंधुताई?"

"मीच. दुरुस्तीच्या वक्ताला झाडाया हुते तवाच. समद्या दारांत." सिंधुनं मान खाली घातली. "भूकंपाच्या त्या रात्री बापानं बोल्ट लावलेला. भिंत कलली, बोल्ट निघंना. मी तेवढी खिडकीतनं निसटले. आई, बाप, धाकटी, आतच ऱ्हायले."

सुमय्यानं चिंधी बजरंगसमोर धरली.

"रंगाऱ्यानं चिंधीवरूनच ब्रश फिरवला," सुमय्या म्हणाली. "तेव्हापासून हा बोल्ट लागलेलाच नाही. मग तुम्ही कोणता आवाज ऐकलात? सिंधु हौदावर गेली तेव्हा तुम्ही कपाट उघडलंत आणि ती आत आल्यावर कडी घातलीत. संग्रहालय बुडालं की बंगला क्लासला, आणि तुम्ही तिथले साहेब. नांदेडच्या माणसाला वाटलं, बंद दाराआड बसणं कुणालाही जमतं. आमच्याकडं कित्येकांना ते अजून जमत नाही. आता खोकं द्या. आल्यापासून खाली टेकवलेलं नाही तुम्ही."

खोक्यात वरवर क्लासची पत्रकं होती. तळाशी अत्तरदान.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देणार होतो मी," नासिरसाहेब सिंधुपुढं हात जोडून रडू लागले.

जीप येईपर्यंत शिपाई भीमानं बजरंगला त्याच खोलीत ढकललं आणि कडीला हात घातला.

"कडी नका लावू, साहेब," सिंधु पटकन म्हणाली.

"आगं, पळंल की त्यो! तुला कोंडलं हुतं त्यानं!"

"हाव. म्हणूनच म्हणते."

सुमय्यानं भीमाचा हात बाजूला केला, दार सताड उघडं टाकलं आणि स्वतः उंबऱ्यावर राखणीला बसली.