निरोगी रक्ताची वजाबाकी

पत्तावाचक यंत्राने दमयंती राजवाडेंचं फुफ्फुस निर्धोक ठरवलं होतं. आज आलेल्या स्कॅनमध्ये त्याच फुफ्फुसात वाटाण्याएवढे तीन ठिपके होते.

चार महिन्यांपूर्वी डॉ. शर्वाणी नाडगौडांनी त्यांना हे यंत्र समजावून सांगितलं होतं. "कर्करोगाची गाठ उठली आणि निघाली, असं होत नाही. आधी ती रक्तात सूक्ष्म पिशव्या सोडते, अग्रपुटिका. त्या दूरच्या अवयवात जाऊन पेशींसाठी जागा तयार करतात. कुठे उतरायचं, ते पुटिकेवरच्या प्रथिनांत लिहिलेलं असतं. आम्ही तेवढं वाचतो."

"म्हणजे पाहुण्यांआधी येऊन गाद्या घालणारे," दमयंतीबाई हसून म्हणाल्या होत्या.

आता शर्वाणी स्कॅनकडे बघत होत्या. "यंत्र खोटं बोलतंय का हो, फिलूबाई?"

"यंत्राला कुठलं खोटं बोलता येतंय, मॅडम? ते आपण शिकवतो." वसईच्या फिलोमिना घोन्साल्विस बावीस वर्षं या प्रयोगशाळेत रक्त तपासत होत्या. "दोन वर्षांत एकशे बारा रुग्ण झाले. यंत्राने फुफ्फुस एकाचंही दाखवलं नाही. मला वाटायचं, देवाची कृपा."

पुटिका निरोगी माणसातही असतात. म्हणून निरोगी नमुन्यात जे जे सापडेल, ते यंत्र रुग्णाच्या निकालातून वजा करी. तो नमुना दर सोमवारी शर्वाणींच्या दंडातून निघे. दुसऱ्याला सुई टोचण्याआधी आपला हात पुढे करावा, हा त्यांचा नियम. शिवाय एक्कावन्नाव्या वर्षीही त्या रोज टेकडी चढत, चहात साखर घेत नसत. त्यांच्याहून निरोगी कोण असणार?

फिलूबाई चाचरत म्हणाल्या, "आज माझं रक्त वजा करून बघू?"

"तुम्हाला मधुमेह आहे."

"मधुमेहच आहे ना."

दमयंतीबाईंच्या नावापुढे ठळक अक्षरांत उमटलं : फुफ्फुस. संध्याकाळपर्यंत आणखी तीस नावांपुढे तेच उमटलं.

शर्वाणींनी स्वतःच्या रक्ताची नळी यंत्रात ठेवली. फुफ्फुस. मग फिलूबाईंनी शीतपेटीतून जुने सोमवार एकेक काढले. पहिल्याच सोमवारच्या निकालात फुफ्फुसाची रेघ होती, केसाएवढी बारीक. पुढे दर आठवड्याला जाड होत गेलेली.

"त्या तिसांना आत्ताच फोन लावा," शर्वाणी म्हणाल्या. "अजून वेळ असेल. दमयंतीबाईंशी मी बोलते. चूक माझी आहे."

"आणि तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणींचं नखशिखांत स्कॅन झालं. फुफ्फुसं स्वच्छ. यकृत, स्तन, आतडी, सगळंच स्वच्छ.

फिलूबाईंनी अहवाल दोनदा वाचला. "कुठंच काही नाही? मग पाठवतंय कोण?"

"ते यंत्राला वाचता येत नाही." शर्वाणींनी आपल्या पोटावर, मग गळ्यावर, अनोळखी घराचं दार चाचपावं तसा हात फिरवला. "आपण त्याला शिकवलंच नाही, फिलूबाई. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपली गाठ कुठे आहे हे आधीच माहीत असायचं."