पद्यरावांचं शेवटचं पद

राहू दे, मेणबत्ती नका शोधू. लाइट यायची तेव्हा येईल, आजची तालीम संपली असं समजा. आणि तू असं तोंड पाडून कोपऱ्यात बसू नकोस. मालिकेत मैत्रिणीला काम मिळालं, तुला नाही, हे अख्ख्या हॉलला कळलंय. पस्तीस वर्षं विंगेत उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवलीत मी. प्रॉम्प्टरपासून काही लपत नाही. सरका जवळ. एक गोष्ट सांगतो. ज्यांच्यावर बेतली, त्यांनी माझा हात धरून सांगितलेली.

आमच्या कंपनीत दोन लेखक होते. एक संगीत नाटकाचे संवाद लिहायचे, दुसरे पदं. आम्ही त्यांना गद्यराव आणि पद्यराव म्हणायचो. दोघं शाळेपासूनचे मित्र. दहा नाटकं जोडीनं लिहिली. नाटक सुटलं की लोक जिना उतरताना पद्यरावांची पदं गुणगुणायचे. गद्यराव जिन्याखाली उभे राहून ऐकायचे. मला एकदा म्हणाले, "कथा माझी, माणसं माझी, दुसऱ्या अंकातलं रडू माझं. आणि घरी काय नेतात? ह्याचं पद. संवाद कोण गुणगुणतं रे?" हसत म्हणाले. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मग गद्यराव टीव्हीकडे गेले. रोजची मालिका, नऊशे भाग. पैसा आला, फ्लॅट आला. नाव मात्र शेवटी यायचं, तेही इतक्या भरभर वर सरकायचं की त्यांच्या सख्ख्या आईला कधी वाचता आलं नाही. इकडे पद्यराव दोन खोल्यांत राहिले आणि त्यांची पदं रिक्षावाल्यांच्या तोंडी राहिली.

बऱ्याच वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले. अकरावं नाटक. तालमी सुरू झाल्या, फक्त शेवटचं पद यायचं होतं, आणि पद्यराव एका पहाटे झोपेतच गेले.

सहा आठवड्यांनी त्यांच्या बायकोचा गद्यरावांना फोन आला. "भावजी, ते शेवटचं पद झालंय हो त्यांचं. टेबलाच्या खणात आहे, मला म्हणाले होते. त्या खोलीत जायचं माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही येऊन घेऊन जाल?"

नोव्हेंबरची सतरा तारीख, गुरुवार. रात्री पावणेनऊला गद्यराव तिथे पोचले. वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. गद्यरावांनी खोलीचा दिवा लावला, खण उघडला. एकच कागद. सोळा ओळी.

उभ्या उभ्या वाचल्या. मग खाली बसून वाचल्या.

"काय होतं त्यात?" ऐकता ऐकता मी विचारलं.

म्हणाले, "माझं अख्खं नाटक होतं. मी दोन तासांत जे सांगितलं, ते त्यानं सोळा ओळींत सांगितलं होतं. मेलेला माणूस, आणि तरी माझ्या पुढेच."

कागद घडी करून खिशात टाकला. बाहेर येऊन म्हणाले, "वहिनी, खण रिकामा आहे. राहून गेलं असेल लिहायचं. काळजी करू नका, मी लिहितो काहीतरी."

चहा तसाच राहिला.

साडेदहाला ते घरी आले. तिसरा मजला. बायको लेकीकडे गेलेली, घरात कुणी नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला, कागद ज्योतीवर धरला. राख बेसिनमध्ये सोडून नळ चालू केला. हात पुसले. दुसऱ्या दिवशीचा भाग सकाळी सातपर्यंत पाठवायचा होता, म्हणून लॅपटॉप घेऊन बसले.

साडेअकराच्या सुमाराला कुणीतरी बोललं.

आतल्या खोलीतून. हळू आवाजात, जसं आपण पाठ केलेलं स्वतःशी म्हणून बघतो तसं. गद्यरावांना वाटलं, शेजाऱ्यांचा टीव्ही. मग वाक्य ओळखीचं वाटलं. त्यांचंच होतं. त्यांच्या पहिल्या नाटकातलं, पहिल्या अंकातलं, पहिलं वाक्य.

आवाजही ओळखीचा होता. मधेच ते पद्यरावांचं खाकरणं. तंबाखूचं.

"कोण आहे?"

पुढचं वाक्य आलं. मग त्याच्या पुढचं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पोरांनो, मी त्या नाटकांची वही शेकडो वेळा धरलीय, तरी ती हातात नसेल तर मला नाही येणार. तो आवाज न अडखळता म्हणत होता. पद आलं की थांबायचा, तेवढा वेळ गप्प, मग पुन्हा संवाद. स्वतःचं एकही पद म्हटलं नाही त्यानं. सगळं गद्यरावांचं.

पहिलं नाटक संपलं. दुसरं सुरू झालं.

गद्यरावांनी टीव्ही लावून मोठा केला. आवाज हळूच होता, तरी टीव्हीच्या वर ऐकू येत होता. कानांत बोटं घातली. तरी येत होता. दाराकडे जायचं तर आतल्या खोलीवरूनच जायला लागणार. नाही गेले. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले.

तिसरं. पाचवं. आठवं... एवढी नाटकं एवढ्या वेळात कशी मावली, मला विचारू नका.

चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा अकरावं चालू होतं. शेवटचा प्रवेश. भाऊ घर सोडून निघालाय. बहीण उंबऱ्यात. आवाजानं तिचं वाक्य म्हटलं.

"तू हो पुढे. मी एवढा दिवा मालवून येते."

आणि थांबला.

इथे पद होतं. ते पद.

गद्यराव थांबले. पुढचा संवाद यायला हवा होता. आला नाही.



मग आतून विचारलं...

"पुढे?"

आम्ही तालमीत विचारतो ना, वाक्य अडलं की, तसंच. साधं. राग नाही त्यात.

गद्यरावांनी आठवून पाहिलं. सोळा ओळी. काही तासांपूर्वी वाचलेल्या. पहिला शब्द...

काही नाही.

"पुढे?"

आता दाराशी.

"अरे... नाही माझ्याकडे. जाळलं मी. मला... मला नाही बघवलं रे."

पावलं वाजली नाहीत. कापडही सळसळलं नाही. पण तंबाखूचा वास आला. अगदी तोंडासमोर.

"पुढे?"

...

सकाळी सहाला गद्यराव वहिनींच्या दारात. सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. पुन्हा कधी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कधीच.

दुसरं पद लिहायला गद्यरावांनी साफ नकार दिला. पहिल्या प्रयोगाला बहिणीचं ते वाक्य झालं आणि वादक हात मांडीवर ठेवून बसले. तीन मिनिटं रंगमंचावर काही नाही. मी विंगेत वही धरून उभा, वहीत कोरी जागा. प्रेक्षागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. जाहिरातीत लेखक म्हणून एकच नाव होतं, पद्यरावांचं. गद्यरावांनीच तसं छापायला लावलं. त्या वर्षी मालिकाही सोडली.

पुढे महिन्याभरानं मी त्यांच्याकडे गेलो होतो. पहिल्या नाटकाची नवी आवृत्ती छापून आली होती, गठ्ठा तसाच पडलेला. छापखान्यातून आदल्याच दिवशी आलेला, गाठ न सोडलेली. सुतळी मी कापली. या हातानं. वरची प्रत उघडली.

त्या नाटकात एक पोस्टमन आहे. एकच वाक्य त्याला. नट बहुतेक वेळा गाळतात, टाळी नाही म्हणून. "पत्र तुमचंच आहे, फक्त उशिरा आलंय."

त्या ओळीच्या शेजारी समासात शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. पद्यरावांचं अक्षर मी तीस वर्षं वाचलंय. 'ल'ची ती लांब शेपटी दुसऱ्या कुणाची नाही.

लिहिलं होतं, "हे मला सुचायला हवं होतं."