राफ्टवरची थाप

चंद्रहास त्या दिवशी जरा लवकरच कामावर आले. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात जहाजांचे लाइफराफ्ट तपासायचं काम चाले. जहाज बुडू लागलं की पिंपातून बाहेर पडून आपोआप फुगणारे ते तंबूसारख्या छताचे रबरी तराफे वर्षाकाठी इथे यायचे. उलगडायचे, हवा भरायची, हवा टिकते का बघायचं आणि पुन्हा घडी घालून पिंपात बसवायचे. मालक नवे राफ्टही विकायचे. आजचा राफ्ट मात्र परका नव्हता. हा नवा राफ्ट ज्या जहाजासाठी होता, त्यावरच त्यांची लेक रेवा अधिकारी म्हणून रुजू झाली होती, आणि जहाज संध्याकाळी मुंबईहून सुटणार होतं.

राफ्ट आदल्या दिवसापासून फुगवून ठेवलेला होता. हवा जराही उतरली नव्हती. चंद्रहासांनी आत डोकं घातलं. तळाला एका कडेला ओल होती, कोणी पाय पोटाशी घेऊन बसावं एवढी. रबराच्या वासाखाली केसांत मुरलेल्या खोबरेल तेलाचा वास होता.

"पॉल, आत पाणी सांडलंस?"

"मी कशाला सांडू, काका? तुमच्या लेकीचा राफ्ट. हात लावायचीपण भीती वाटते," हाताखालचा गिरीजचा पॉल हसला.

त्यांनी फडक्याने ओल पुसली, बोट जिभेला लावलं. खारट. पॉलवरचा संशय गेला, मग मालकावर आला. हरेश्वरशेठने कुठला तरी वापरलेला राफ्ट नवा म्हणून खपवला असेल का? याच्यात कोणी बसून वाट पाहिली असेल का... त्यांनी जोड न् जोड बोटांनी चाचपला. रबर कोरं होतं. वळून पाहिलं तर ओल पुन्हा तिथेच, आणि छताचा दिवा मंद पेटलेला. त्या दिव्याची बॅटरी पाणी लागल्याशिवाय जागी होत नाही.

गाळ्यात एक रीत होती. कधीकाळी एक मांजर आत झोपलेलं असताना राफ्टची हवा सोडली गेली, तेव्हापासून हवा सोडण्याआधी छतावर थाप मारून विचारायचं, "आत कोण? बाहेर या."

चंद्रहासांनी सवयीने थाप मारली. सवयीनेच विचारलं.

आतून थाप आली. हलकी, ओल्या तळहाताची.

पॉलने कपाळापासून क्रूसाची खूण केली. "मांजरच असेल, काका..."

चंद्रहास वाकले. आत कोणी नव्हतं. ओल तेवढी दारापर्यंत सरकली होती.

"हा नको. हा माझ्या पोरीच्या जहाजावर जाणार नाही."

"शेठला काय सांगाल?"

"हवा धरत नाही म्हणेन."

शेजारी तसाच दुसरा नवा राफ्ट तपासून, फुगवलेलाच तयार होता. दोघांनी घाईघाईने त्याची हवा सोडली, मेजावर घडी घातली, पिंपाचे पट्टे आवळले. टेम्पो दुपारीच निघाला. तेव्हा कुठे चंद्रहासांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी रेवाचा फोन आला.

"बाबा, राफ्ट बसवला. दोरी, हुक, सगळं मीच बघितलं."

"शहाणी गं माझी."

"पण तुम्ही ओलाच भरलात काय? पिंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकतंय."

चंद्रहासांनी नाकारलेल्या राफ्टकडे पाहिलं. दिवा विझला होता. तळ कोरडा ठणठणीत. त्याच्या दारापासून घडी घालायच्या मेजापर्यंत फरशीवर ओल्या पावलांचे मिठाचे पांढरे ठसे वाळले होते. परत फिरलेला एकही नव्हता.

पॉलनेही ते पाहिले. "काका," तो पुटपुटला, "त्या दुसऱ्याला आपण थाप मारली होती?"

चंद्रहासांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"रेवा... जहाज सुटलं का गं?"

"केव्हाच. आता रेंज जाईल. जेवून घ्या वेळेवर."

त्यांचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी रिकाम्या राफ्टवर थाप मारली.

राफ्ट गप्प राहिला. उत्तर फोनमधून आलं, रेवाच्या आवाजाच्या अगदी मागून. हलकं, ओल्या तळहाताचं.