राणी रंगाचं रीडिंग

नांदुरा स्टेशनबाहेरच्या ऑटोत एकच जागा उरली होती, ती पुष्पांजलीनं पटकावली. मागून पळत आलेला उंच तरुण पाहतच राहिला.

"ओ मॅडम, मले उशीर होऊन राह्यला!"

"मंग लवकर निघाचं!" ती हसली अन् ऑटो सुटला.

थोड्याच वेळात तो घामाघूम होऊन तिच्याच प्रयोगशाळेच्या दारात उभा! अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी शेगावहून बोलावलेले परीक्षक, गोकुळ सर. पुष्पांजलीच्या तोंडचं पाणीच पळालं. रसायनशास्त्र शिकवायचं तिचं हे पहिलंच वर्ष होतं.

त्यानं आधी स्वतः टायट्रेशन केलं. फ्लास्कमध्ये आम्ल, वर ब्युरेटमध्ये अल्कली. रंग बदलेपर्यंत थेंब थेंब सोडत तो मधेच तिच्याकडे बघे... ती खिडकीबाहेर बघे.

मुलांची रीडिंग आली. सगळ्यांची साडेदहा मिलीच्या आसपास. त्याचं साडेअकरा!

"सगळेच चुकले, मॅडम," तो हळूच म्हणाला. "मार्क कापा लागतीन."

मुलांचे चेहरे पडले. पुष्पांजलीला ते बघवेना. तिनं त्याचाच फ्लास्क उचलून पांढऱ्या टाइलवर ठेवला.

"फिकट गुलाबी झालं की थांबाचं असते ना, सर? हा तर राणी कलर हाय! थेंब जास्तीचे पडले... काऊन?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"माझं ध्यान... फ्लास्ककडे नव्हतं."

"मंग कुठं होतं?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. गोकुळनं मान खाली घालून पुन्हा टायट्रेशन केलं. या वेळी नजर हलली नाही. साडेदहा! "चूक माझी होती," तो सगळ्यांदेखत म्हणाला. मुलांनी टाळ्या पिटल्या. पुष्पांजलीला तो त्याच क्षणी आवडून गेला.

संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये दोघं समोरासमोर बसले. बोलता बोलता तिचं गाव, जलंब, आलं. ती उतरली, तर मागोमाग तोही!

"शेगाव पुढं हाय, सर."

"मले ठाऊक हाय."

"बाहेर बाबा घ्याले आले असतीन..."

"बरं झालं. त्यायलेच विचारतो."

"अन् मले?" ती थबकली. "अगोदर मले तर विचारा!"

गाडी हलली, तरी तो तिथंच. घसा खाकरला, चष्मा पुसला.

"पुष्पांजली... रविवारी आईले घेऊन—"

"हाव," ती म्हणाली. "या."