जोडीदार तयार

आधी प्रत काढा

इस्पितळाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, एक खोली आहे. तिथला एसी कधीच बंद नसतो, म्हणून वायरमनकाका स्वेटर घालून येतात.

"तुमच्या डब्यांचे लाड बघा," ते म्हणतात. "पेशंटला पंखा आणि डब्याला एसी."

डबा म्हणजे नेटवर्कचं यंत्र. इस्पितळातली सगळी यंत्रं एकमेकांशी जे बोलतात ते या डब्यातून जातं. म्हणून डबे दोन ठेवतात. एक या खोलीत, दुसरा तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे इकडे पाणी शिरलं तरी तिकडचा वाचतो. एक राबतो, दुसरा ऐकत बसतो. पहिला सारखा म्हणत असतो, मी आहे. दुसरा म्हणतो, मीही आहे. पहिल्याचा आवाज बंद झाला की दुसरा कुणाला न विचारता भार उचलतो.

हे मी धाकट्या बहिणीला समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे तू आणि मी," ती म्हणाली. "तू राबायचं, मी बसायचं."

"टाके सुकेपर्यंत तू बसलीस तरी उपकार होतील," मी म्हटलं.

ती वरच, नवजात बाळांच्या वॉर्डात बसलेली असायची. तिची मुलगी ठरल्या वेळेच्या फार आधी आली होती. तिथल्या सिस्टर तिला घाईबाई म्हणत. जन्मायची घाई केली, पण श्वास घ्यायचं मात्र मधूनच विसरायची. इतक्या लहान बाळांचं होतं असं. तळव्याला बोटाने टिचकी मारली की आठवायचं. टिचकी वेळेवर मारायला हवी, एवढंच.

बाळांना झोप लागावी म्हणून पाळण्याजवळची यंत्रं मुकी ठेवलेली होती. घंटा वाजायची ती सिस्टरांच्या टेबलावर. पाळण्यापासून टेबलापर्यंतचा तिचा रस्ता माझ्या डब्यातून जात होता. हे काम कंपनीने मला दिलं तेव्हा भाचीचा पत्ताही नव्हता.

डब्यातलं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. त्यात खोट होती. चालता चालता मेमरी भरायची आणि डबा गोठायचा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती खोट काढली होती. मी सकाळी आले, काकांनी दार उघडलं, मी सेटिंग्जची प्रत काढून घेतली.

जोडीदार जागा आहे का बघा

होता.

खालच्या डब्याला विचारलं, त्याने लॅपटॉपवर लिहून दाखवलं: जोडीदार तयार. दोघांच्या सेटिंग्ज अक्षरन् अक्षर सारख्या. वर्षभरात खालचा अधूनमधून गोठला होता. दर वेळी वरच्याने भार उचलला होता आणि खालचा शुद्धीवर आल्यावर निमूट परत दिला होता. वॉर्डात कुणाला कळलंही नव्हतं. माझ्या आधीच्या इंजिनिअरने जाताना सांगितलं होतं, "वरच्याकडे बघावंसुद्धा लागत नाही. गुणी आहे."

मला त्या वरच्याबद्दल माया वाटली. घरात असं एखादं माणूस असतं. त्याचं नाव कधी निघत नाही आणि त्याच्यावाचून काही अडतही नाही, कारण ते कधी अडूच देत नाही.

जोडीदारासमोर उभे राहा

नवं सॉफ्टवेअर आधी मोकळ्या, म्हणजे ऐकत बसलेल्या, डब्यात घालतात, आणि घालताना त्याच्यासमोर उभं राहतात. काही बिनसलं तर बटण दाबायला हात लागतो.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, खिडकी नसलेली खोली. भिंतींना नवा रंग. काकांनी दिवा लावला. मधोमध लोखंडी रॅक होता. छताजवळच्या पाइपातून एक निळी केबल उतरून त्याच्या वरच्या कप्प्यापर्यंत आली होती. तिचं टोक कप्प्यात नुसतं पडलं होतं.

कप्पा रिकामा होता.

"काका, डबा कुठे आहे?"

"कुठला?"

"इथला."

काकांनी स्वेटरची बाही खाजवली. "रंगकाम झालं ना इथे, तेव्हा सामान काढलं. मोडक्या खुर्च्या, पंखे. एक काळा डबाही होता. भंगारवाला म्हणाला, हा नेऊ का? म्हटलं, दिवा लागत नाही तर ने."

"रंगाऱ्यांनी लाइट काढली असेल. दिवा कसा लागणार?"

"हो, ते खरं," काका म्हणाले. मग हळूच, "महाग होता का?"

"कधीची गोष्ट ही?"

"मागचा उन्हाळा."

मी लॅपटॉप उघडून त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. जोडीदार तयार.

"चुकीचं लिहितोय मग तो," काका म्हणाले.

मलाही तेच वाटलं. मी जोडीदाराला त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. तापमान विचारलं. ते यंत्राच्या मानाने कमी होतं. माणसाच्या अंगाला असतं तेवढं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "जुनी माहिती दाखवत असेल. खालच्याला अजिबात हात लावू नकोस. नवा डबा निघालाच समज, दुपारी पोचेल."

दुपारपर्यंत खालचा गोठला, तर त्याच्यामागे कुणी नव्हतं.

दार ओढताना काका कप्प्याकडे बघत थांबले. सगळ्या रॅकवर धूळ होती. फक्त वरच्या कप्प्यात, केबलच्या टोकाजवळ, डब्याच्या मापाची जागा स्वच्छ होती.

"हे कोण पुसतं?" काका म्हणाले.

भार

मी वॉर्डात गेले आणि सिस्टरांना सांगितलं की आज दुपारपर्यंत टेबलावरच्या पडद्यावर विसंबू नका, बाळांकडेच बघा.

"डोळे दोनच दिलेत, बाई. बाळं मोजा," सिस्टर म्हणाल्या. पण खुर्चीतून उठल्या आणि पाळण्यांमधून फिरायला लागल्या.

बहीण भाचीच्या काचपेटीशी बसल्या बसल्या झोपली होती, तोंड उघडं टाकून. तिला उठवावंसं वाटलं नाही. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला. काचपेटीच्या गोल झरोक्यातून बोट आत घातलं. भाचीने ते धरलं. तांदळाएवढी नखं, पण पकड अशी की सोडवून घ्यायला जीव होईना. मी तशीच उभी राहून लॅपटॉपकडे बघत होते, एक डोळा दारावर ठेवून, नवा डबा घेऊन कुणी येतंय का ते ऐकत, आणि पडद्यावर खालचा डबा

गोठला.

मी आहे, मी आहे, आणि मग काहीच नाही.

मी टेबलाकडे बघितलं. पडदा विझायला हवा होता. हिरव्या रेघा चालल्या होत्या, एकेका बाळाची एकेक, न अडखळता.

लॅपटॉपवर एक ओळ आली. भार घेतला.

मी ती ओळ वाचत होते. म्हणून मला बोटावरची पकड सैल झालेली कळली नाही.

टेबलावरची घंटा वाजली.

सिस्टर पलीकडच्या टोकाला पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या, आल्या, दुसऱ्या झरोक्यातून हात घातला, तळव्याला टिचकी मारली. पुन्हा एक.

भाचीची छाती हलली. पकड परत आली.

"आठवलं का, घाईबाई?" सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वाजतेय की तुमची घंटा. उगाच घाबरवलंत."

बहिणीने डोळे उघडले. "काय झालं, ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. "झोप तू."

जोडीदारासमोर उभे राहा (पुन्हा)

काकांनी दार उघडलं. आत ऊब होती. एका माणसाने बराच वेळ झोपून उठावं तशी.

केबल आता कप्प्यात पडलेली नव्हती. ती ताणलेली होती. टोक कप्प्यापासून चार बोटं वर, सरळ, काहीतरी समोर असल्यासारखं.

समोर काही नव्हतं.

आमच्या कामात एक सवय लागते. केबल नीट बसली आहे का, ते हलकेच ओढून बघायचं. मी ओढली.

ती बसलेली होती.

मी हात काढून घेतला. इतक्या दिवसांचं एकदम कसं बोलणार?

"थोडाच वेळ," मी म्हटलं. "नवा येतोय."

काका उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी स्वेटर काढून हातात घेतला होता.

"ताई," ते हळू म्हणाले, "दार लोटून घेऊ का? जिन्यातून वारा येतो. त्याला लागेल."

केबल गुंडाळा

नवा डबा दुपारी आला. मी तो तिसऱ्या मजल्यावरच्या रॅकच्या खालच्या कप्प्यात बसवला, वेगळ्या केबलने जोडला. सेटिंग्ज भरल्या, नवं सॉफ्टवेअर घातलं. त्याने भार घेतला. तळमजल्यावरचा बंद करून चालू केला, त्यालाही नवं घातलं. दोघं एकमेकांना म्हणू लागले, मी आहे, मीही आहे. कुठेही काही अडखळलं नाही. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. मी ती घेतली, पण माझी म्हणून नाही.

भाची आता रांगते. बहीण म्हणते, मावशीवर गेलीये, एका जागी बसत नाही. रात्री मी कधी तिच्याजवळ निजले तर तिच्या छातीवर हात ठेवते आणि कुणाचे तरी आभार मानते. कुणाचे ते माहीत नसलं तरी मानता येतात, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी एकच काम उरलं होतं. वापरात नसलेली केबल गुंडाळून ठेवायची असते. संध्याकाळच्या आत मी वर गेले. ती तशीच ताणलेली होती. मी धरली. पुन्हा हलकेच ओढली. सुटेना.

"झालं आता," मी म्हटलं. "सोड."

मी तशीच धरून उभी राहिले.

मग ती सुटली. एकदम नाही. आधी एक बोट, मग दुसरं, मग तिसरं. शेवटचं जरा थांबून.