वारूळ भवनाच्या तापलेल्या भिंती

पहाटे सहाला बाहेरची हवा सत्तावीस अंश आणि भिंती मात्र सदतीस! चुलीवरचा तवासुद्धा रात्रभरात गार होतो. मग या भिंती का होत नव्हत्या? माझ्या निरुपमा आत्याला हे कोडं सुटत नव्हतं, आणि हातात दहाच दिवस उरले होते.

सन २०५९ चा एप्रिल होता. नागपूरच्या अगदी दाटीत आत्याने ही नऊ मजली कचेरी उभारली होती. नाव वारूळ भवन, पण लोक तिला भट्टी म्हणायचे. दहा दिवसांनी कचेरीची बांधकाम समिती तिच्या भिंती फोडून काचा आणि नऊशे एसी बसवणार होती. एसी आतली उष्णता उचलतो, तिच्यात स्वतःची भर घालतो आणि बाहेर फेकतो. बाहेर म्हणजे आमची गल्ली! शेजारच्या काचेच्या मनोऱ्याने, त्याच्या एसींच्या झळांनी, मागच्या मे महिन्यात आमच्या गणोरकर आजींचा जीव घेतला, असं मी तरी मानते. यंदा कोणाची पाळी, हे गल्लीत कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

"ओवी, वाळवी राहते वारुळाच्या तळाशी," आत्याने मला समजावलं. "वरचा उंच डोलारा हवा खेळवण्यासाठी. मी तेच उचललं. जाड भिंती दिवसभर माणसांची, संगणकांची ऊब पितात. ही त्यांची उष्णताधारकता (ऊब साठवून ठेवण्याची ताकद). रात्री खालच्या झरोक्यांतून गार हवा शिरते, भिंतींची ऊब घेऊन हलकी होते आणि वरच्या धुराड्यातून निघून जाते. हे अभिसरण (गरम हवा वर, तिच्या जागी गार हवा, असा फेरा). सकाळी भिंती पुन्हा ऊब प्यायला मोकळ्या."

"मग होत का नाही?"

"माझं डोंबलाचं गणित चुकलं असणार!" आत्या चिडून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

भिंतीवर चढून तापमान मोजणारा तिचा छोटा यंत्रमानव होता. त्याला आम्ही पाल म्हणायचो. संध्याकाळी सहाला मी त्याला तळमजल्यावर सोडायला गेले, तर शिपाई डोमाजीकाका लांब काठीने एकेक झरोका लावत होते.

"काका, बंद का करताय?"

"अवं पोरी, हापिस सुटलं का लावाच लागते. कबुतरं येते, चोर येते. सकाळी नऊला उघडतो, हवा याले. सहा वर्षांत एक दिवस खाडा नाही केला म्या."

रात्री गार हवा आली की झरोके बंद, दिवसा झळा आल्या की उघडे! आत्या नेहमी दुपारी यायची, तेव्हा तिला ते उघडेच दिसायचे.

मी तिला ओढत आणलं. सगळं ऐकून डोमाजीकाका काठी बाजूला ठेवून पायरीवर बसले. "म्हंजे बाई, ही भट्टी मीच पेटवली?"

आत्या त्यांच्या शेजारी बसली. "नाही काका. झरोके कधी उघडायचे, कधी लावायचे, याची चाळीस पानांची पुस्तिका मी तुमच्या साहेबांना दिली. झरोक्यांची काठी तुमच्या हातात आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चूक माझी."

त्या रात्री झरोके उघडे राहिले. कबुतरांसाठी जाळ्या लावल्या, पहाऱ्याला डोमाजीकाका स्वतः बसले. पहाटे पालीने आकडा सांगितला, छत्तीस. साहेब लोक हसले. उन्हाळाभर मुरलेली ऊब एका रात्रीत थोडीच जाते? चौथ्या पहाटे चौतीस झाले. नवव्या पहाटे तीस.

समितीने भिंती फोडणं एका उन्हाळ्यापुरतं पुढे ढकललं. फक्त एका. शेजारचा मनोरा आमच्यावर आग ओकतोच आहे, आणि मे अजून यायचाय.

काल आत्याने नव्या इमारतीचा नकाशा काढायला घेतला. कोणालाही दाखवण्याआधी तिने डोमाजीकाकांना बोलावलं. काकांनी कागदावरच्या झरोक्यांवर बोट ठेवलं.

"बाई, हे झरोके लय उंच हायेत. माह्यासारख्या म्हाताऱ्याचा हात पुरन का?"

आत्याने खोडरबर उचललं आणि झरोके हातभर खाली आणले.